बासष्टावी ओळ

गाबोरोने, ६ जुलै

मामा,

हे पत्र उजव्या हाताने देते आहे, डावा हात कोपराला लावून, असं समजा. समोर असते तर गुडघेही वाकवले असते. पण बातमी छापून आल्यापासून समोर यायचं नाही हे तुम्हीच ठरवलंत, आणि गुरांच्या ठाण्यावर फोन लागत नाही. म्हणून मोआगीच्या ट्रकमधून, मिठाच्या पोत्यांबरोबर, हे कागद येत आहेत.

आधीच सांगते, माफी मागायला लिहीत नाही. आई म्हणाली, "लिही बाई, आपलेच दात आणि आपलेच ओठ." मी म्हटलं, दात कुणाचे आणि ओठ कुणाचे ते आधी ठरव. तिने फोन ठेवला.

मोकोबानेच्या सभेत तुम्ही गेली एकोणीस वर्षं मुखिया म्हणून बसलात. मागच्या वर्षी कुरणाला कुंपण घालायचं की नाही यावर खोतलात, गाव जमतं त्या अंगणात, तीन दिवस सभा झाली. मी बायकांमध्ये, खाली चटईवर, टेप लावून बसले होते. एकसष्ट माणसं बोलली. चव्वेचाळीस कुंपणाच्या विरोधात, अकरा बाजूने, सहा जणांना काय म्हणायचं होतं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. आणि शेवटी तुम्ही उठलात आणि कुंपण ठरलं. हे मी प्रबंधात लिहिलं. यात खोटं काय आहे?

'सभेतले शब्द सगळेच सुंदर.' ही म्हण मी तुमच्याच तोंडून शिकले. मी फक्त एवढंच विचारलं की शब्द सुंदर आहेत, ठीक, पण त्यांचं पुढे होतं काय? आमच्या विद्यापीठात लोकशाहीवर पोतीच्या पोती लिहिली जातात. आपल्या पूर्वजांची सभा म्हणजे लोकशाहीचं माहेर, असं सगळे नाकाने कांदे सोलत सांगतात. मी मोजून दाखवलं. मोजायला मला तुम्हीच शिकवलंत, शेळ्यांवर. एक शेळी कमी भरली तर जेवण नाही.

ते वर्तमानपत्रात कसं गेलं मला माहीत नाही. मथळा मी दिलेला नाही.

आता कामाचं. जिल्ह्याच्या कचेरीने १४ ऑगस्टला चौकशी ठेवली आहे, आपल्याच खोतलात. 'लोकांचं न ऐकणारा मुखिया' असा आरोप आहे आणि पुरावा म्हणून माझा मोजणीचा तक्ता आहे. मी तिथे येऊन तक्ता माझाच असल्याचं सांगायचं, सही करायची. मग तुमची खुर्ची जाणार. डॉ. सेरामे सर खूश आहेत. म्हणाले, "केलेबोन्ये, संशोधनाचा असा थेट उपयोग होताना मी तीस वर्षांत पाहिला नाही."

मी खूश आहे की नाही ते मला कळत नाही. तुम्ही फक्त एक सांगा. चव्वेचाळीस जण नको म्हणत होते, तर तुम्ही हो का म्हणालात? एका ओळीत सांगा, मोआगीजवळ तोंडी सांगितलंत तरी चालेल.

तुमची भाची,
केलेबोन्ये

·

मोकोबाने, १७ जुलै

मामा,

मोआगी म्हणाला, "तुझ्या मामाने पत्र घेतलं, टोपीच्या आत घातलं, टोपी डोक्यावर घातली आणि बैल बघायला गेला." मी विचारलं, "वाचलं का?" तर म्हणे, "डोक्यावर तर आहे." वर त्याने मला आंबट दह्याचा डबा दिला. झाकणावर तुमची गाठ होती. आता याचा अर्थ मी काय लावायचा? माणूस रागावला असेल तर दही कशाला पाठवेल? आणि रागावला नसेल तर एक ओळ पाठवायला काय झालं? दही छान होतं. सगळं मी एकटीने खाल्लं, आईला दिलं नाही.

इथे आले आहे, कारण सही करण्याआधी दोन-चार जणांकडून तक्ता तपासून घ्यावा असं वाटलं. असं सरांना सांगितलं. खरं म्हणजे गाबोरोनेत झोप लागत नव्हती.

पहिल्यांदा कागोच्या आईकडे गेले. तक्त्यात ती सतरावी. कुंपणाच्या विरोधात बावीस मिनिटं बोलली होती, सगळ्या बायकांत जास्त. तिच्यावर मी प्रबंधात पाऊण पान लिहिलंय. 'जिने आयुष्यभर सभेत तोंड उघडलं नाही अशी बासष्ट वर्षांची स्त्री' वगैरे. सरांनी त्या पानावर खूण केली होती.

ती अंगणात ज्वारी पाखडत होती. मी म्हटलं, "मावशी, त्या दिवशी एवढं बोलायचं धाडस कुठून आलं तुला?"

"धाडस कसलं? तुझा मामा राडिपाती आला होता ना सांगायला."

"काय सांगायला?"

"बोल म्हणून. अगं, इथेच बसला होता, त्या उलट्या बादलीवर. म्हणाला, माझी भाची शहरातून येतेय, यंत्र घेऊन. तिची मोठी परीक्षा आहे. तुम्ही नेहमीसारखे मूग गिळून बसलात तर पोरगी रिकाम्या हाताने परत जाईल. मनात असेल ते बोला, भरपूर बोला."

मी हसले. मला वाटलं ती चेष्टा करते आहे. तीही हसली. मग हसायची थांबली आणि म्हणाली, "तुला सांगितलं नव्हतं होय त्याने?"

मामा, मी त्या दिवसात एकोणीस घरं फिरले. तुम्ही चौदा घरी गेला होतात. चौदा! एका घरी तर साखर घेऊन गेलात. मोफीरिंग म्हातारा म्हणाला, "मला तर त्याने दोनदा सांगितलं. पहिल्यांदा मी विसरलो होतो." लंगडा गाओलाते, ज्याच्या भाषणावर मी 'उत्स्फूर्त' असा शब्द लिहिला, त्याने घरी बायकोसमोर म्हणून पाहिलं होतं. ती मला म्हणाली, "तुझ्या यंत्रापायी मी ते भाषण चार वेळा ऐकलंय."

मी विहिरीजवळ बसून रडले. मग स्वतःचाच राग आला, मग तुमचा. चव्वेचाळीस ही संख्या माझी होती. ती घेऊन मी वर्षभर ताठ मानेने फिरले. आणि ती तुम्ही मला दिलीत, लहानपणी शर्यतीत मला पुढे जाऊ द्यायचात तशी.

तुम्हाला कुणी सांगितलं होतं हे करायला?

हो, हो. मामाने भाचीच्या पाठीशी उभं राहायचं असतं. लग्न ठरवायला मामा, मयताला मामा, बैलाचं डोकं मामाचं. पण लोकशाहीच्या प्रबंधाला मामा लागत नाही हो! तिथे मामा आला की सगळं बिघडतं.

आणि आता मला कळेनासं झालंय. त्या चव्वेचाळीस जणांना कुंपण नकोच होतं की तुमच्या शब्दाखातर नको होतं? मी विचारलं. कागोची आई म्हणाली, "नकोच होतं." मोफीरिंग म्हणाला, "तेव्हा तितकंसं नाही, बोलल्यावर मात्र वाटायला लागलं." गाओलाते म्हणाला, "तुला काय पाहिजे ते लिही."

डब्यात साखर भरून परत पाठवते आहे. रिकामा डबा परत करू नये, एवढं मला अजून आठवतं.

केलेबोन्ये

·

गाबोरोने, २६ जुलै

मामा,

सरांना सगळं सांगितलं. ते चष्मा पुसू लागले. मग म्हणाले, "हे तू लिहून ठेवलं आहेस का कुठे?" मी म्हटलं, वहीत. ते म्हणाले, "वही घरी ठेव." नंतर म्हणाले, फार तर एक तळटीप टाकू, 'काही वक्त्यांना बोलण्यास प्रोत्साहन मिळाले होते.' प्रोत्साहन! मी विचारलं, "सर, आपण लोक सभेत किती मोकळेपणाने बोलतात हे मोजतोय. मुखियाने घरोघर जाऊन मोकळेपणाने बोला असं सांगितलं, तर ते मोकळेपणाचं बोलणं झालं की हुकमाचं?" सर म्हणाले, "हा प्रश्न फार चांगला आहे. पदवी मिळाल्यावर यावर काम कर."

ते वाईट नाहीत मामा. पुढच्या वर्षी निवृत्त होतायत आणि त्यांना माझं बरं व्हावं असंच वाटतं. सगळ्यांनाच माझं बरं व्हावं असं वाटतं आणि त्यातच माझ्या डोक्याचा पार भुगा झालाय.

आता मी ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. वर्तमानपत्रात ते कसं गेलं मला माहीत आहे. मीच दिलं. चर्चासत्रात माझं वाचन झाल्यावर एक बातमीदार आला, म्हणाला, गावाचं नाव सांगाल का? प्रबंधात मी 'एक गाव' असं लिहिलं होतं. मी सांगितलं. तुमचंही नाव सांगितलं. तो लिहून घेत होता आणि मला बरं वाटत होतं. एवढंच. मथळा मी दिला नाही, हे मात्र खरं.

आणखी एक आहे, आणि हे लिहायला मला त्याहून जड जातंय.

इथे परत आल्यावर मी सगळ्या टेप पुन्हा ऐकल्या. तिसऱ्या दिवसाची शेवटची टेप. गाओलाते बसतो, कुणीतरी खोकतं, खुर्ची सरकल्याचा आवाज येतो. ती तुमची खुर्ची, शेळीच्या कातड्याची, मी आवाजाने ओळखते. तुम्ही घसा साफ करता. आणि खटक. टेप बंद.

यंत्र बिघडलं नव्हतं. मीच बंद केलं. आपल्या घरात मामा बोलायला उठला की पोरांनी हातातलं खाली ठेवायचं, मान खाली घालायची आणि हात मांडीवर. कणीस सोलत असलो तर कणीस खाली. मी एकतीस वर्षांची बाई, दोन पदव्या घेतलेली, लोकशाहीची अभ्यासक, आणि तुम्ही उठल्याबरोबर माझ्या बोटाने आपणहून ते बटण दाबलं. मला आठवतही नव्हतं. एकसष्ट माणसांचा शब्दन् शब्द माझ्याकडे आहे. ज्याच्यावर आरोप आहे त्याचा एकही नाही. वहीत फक्त लिहिलंय, 'मुखियाचा निर्णय: कुंपण.'

तुम्ही काय बोललात मामा? मी तिथेच होते, दहा पावलांवर. मान खाली होती. मला तुमचे बूट आठवतात.

आईला विचारलं. ती म्हणाली, "सभेआधीच तीन महिने कुंपणाचा कागद सहीशिक्क्यासह आला होता. कचेरीने त्याला फक्त गावाला कळवायला सांगितलं होतं. सभा कशाला घेतोस, असं मीच म्हटलं होतं त्याला."

"मग का घेतली?"

"तुझ्या मामालाच विचार. मला काय, मी भाकरी थापते."

म्हणजे ठरलेलं होतं. ज्या कचेरीने कागद पाठवला तीच आता तुम्ही लोकांचं ऐकलं नाही म्हणून तुम्हाला काढते आहे, आणि कुऱ्हाडीला दांडा माझा. पण मग तुम्हीही, मामा! काही बदलणार नाही हे ठाऊक असताना चव्वेचाळीस माणसांना बोलायला लावलंत. माझ्या परीक्षेसाठी त्यांना वापरलंत? की कचेरीला ऐकू जावं म्हणून मला आणि माझ्या यंत्राला वापरलंत? एकदा हे खरं वाटतं, एकदा ते. सकाळी मला तुमचा राग येतो आणि दुपारी तुमच्या पायाशी येऊन बसावंसं वाटतं.

१४ तारखेला मी काय सांगू? तक्ता खरा आहे म्हणाले तर तुमची खुर्ची जाते. खोटा म्हणाले तर माझी पदवी जाते, आणि तुम्ही लोकांना पढवलंत म्हणून खुर्ची तरीही जातेच. तुम्ही चौकशीला या. काय बोललात ते तुमच्या तोंडाने सांगा. दुसरं कुणी सांगू शकत नाही.

केलेबोन्ये

·

मोकोबाने, १६ ऑगस्ट

मामा,

तुम्ही आला नाहीत. मोआगी म्हणतो तिसरं पत्रही टोपीत गेलं. टोपी आता बसत नसेल.

काय झालं ते क्रमाने सांगते, कारण इथे प्रत्येक जण वेगळं सांगतोय.

थंडी होती, मध्ये शेकोटी होती. पुरुष आपापल्या खुर्च्या घेऊन आले. तुमची खुर्ची आईने घरून आणली आणि नेहमीच्या जागी ठेवली. कचेरीचा अधिकारी तरुण होता, गुळगुळीत बुटांचा. तो त्या खुर्चीवर बसायला गेला तेव्हा मोफीरिंग म्हणाला, "बाळा, तिचा एक पाय मोडका आहे." मोडका नाहीये. अधिकारी उभा राहिला आणि शेवटपर्यंत उभाच होता.

माझं नाव पुकारलं. डोक्याला रुमाल होता, खांद्यावर शाल होती. अधिकाऱ्याने तक्ता वर धरला. "हा तुमचा?"

"माझा."

"यातले आकडे खरे?"

"खरे."

"म्हणजे मुखियाने लोकांचं ऐकलं नाही."

मामा, इथे मी फक्त 'हो' म्हणायचं होतं. सर मागच्या रांगेत बसले होते, एवढ्या लांबून आले होते. मी म्हटलं, "ते मला माहीत नाही. मुखिया बोलायला उठले तेव्हा मी यंत्र बंद केलं."

"का?"

"ते माझे मामा आहेत."

सगळे पुरुष माना हलवू लागले, जणू याहून साधं कारण असूच शकत नाही. अधिकाऱ्याला कळेना. मग मी बाकीचंही सांगून टाकलं. चौदा घरं, साखर, उलटी बादली, चार वेळा म्हटलेलं भाषण. सरांनी डोळे मिटले होते. अधिकारी म्हणाला, "बाई, तुमचा तक्ता खरा की खोटा, एक काहीतरी सांगा."

"दोन्ही," मी म्हटलं.

हशा पिकला. अधिकाऱ्याने कागद उलटसुलट केले आणि म्हणाला की मग आरोप बदलावा लागेल, लोकांचं न ऐकणं नाही, लोकांना पढवणं. तेवढ्यात बायकांमधून कागोची आई उठली. कुणी तिला बोलावलं नव्हतं.

ती म्हणाली, "राडिपाती माझ्या घरी आला होता, खरं आहे. बोल म्हणाला. काय बोल ते नाही म्हणाला. चाळीस वर्षं या चटईवर बसतेय मी, मला कुणी बोल म्हटलं नव्हतं. या पोरीच्या परीक्षेसाठी तोंड उघडलं, ते आता बंद होत नाही, त्याला मी काय करू? साहेब, ते कुंपण कुणी ठरवलं? तो कागद काढा, वाचा इथे."

"तो आजचा विषय नाही."

"आमचा आहे," गाओलाते म्हणाला. आणि हे त्याने घरी म्हणून पाहिलेलं नव्हतं. त्याची बायको दचकून त्याच्याकडे बघत राहिली.

मग गलका झाला. अधिकाऱ्याने विचारलं, त्या दिवशी शेवटी मुखिया नेमकं काय बोलले, कुणीतरी सांगा. मोफीरिंग म्हणाला, तुम्ही म्हणालात, "कुंपण येणार, सवय करा." कागोची आई म्हणाली, छे, तुम्ही म्हणालात, "मी हे शब्द कचेरीत घेऊन जातो." तिसऱ्याने सांगितलं की तुम्ही फक्त थकलो म्हणालात आणि बसलात. तिघेही शपथेवर. आईला विचारलं तर म्हणाली, "मी स्वयंपाकात होते." ती स्वयंपाकात नव्हती, माझ्या शेजारी बसली होती. तिचीही मान खाली असणार.

शेवटी अधिकारी कंटाळून म्हणाला, "सभा संपली."

कुणी उठलं नाही.

तो पुन्हा म्हणाला. मोफीरिंगने त्याला समजावलं, अगदी प्रेमाने, "साहेब, तुम्ही संपवून संपत नाही. शेवटी बोलणारा बोलला की संपते. तो आलेला नाही." अधिकाऱ्याने सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, "त्यांचं बरोबर आहे," आणि वही काढून काहीतरी लिहू लागले. साहेब गाडीत बसून गेला. तुमची खुर्ची गेली की राहिली, हे त्यालाही ठाऊक नसावं.

त्याला आज दोन दिवस झाले. लोक जेवायला घरी जातात आणि सकाळी खुर्च्या घेऊन परत येतात. काल बाजूच्या वस्तीतले आले. तुमच्या खुर्चीवर एक कोंबडी बसली होती, तिला मोफीरिंगने काठी घेऊन हाकललं. कागोची आई रोज बोलते, आता तिला कुणी आवरू शकत नाही. मी प्रबंधातलं ते प्रकरण काढून घेतलं. सर म्हणाले, एक वर्ष वाढेल, पैसे मिळणार नाहीत. मी बरं म्हटलं. यात शौर्य काही नाही, मला दुसरं काही सुचलं नाही.

मी तुमच्याशी चुकले का तुम्ही माझ्याशी, मला अजून कळत नाही. कुंपण निघेल का, तेही नाही. चौदा घरी जाऊन तुम्ही केलंत ते चांगलं की वाईट, हे मला कुणी परीक्षेत विचारलं तर मी कोरा कागद देईन. पण मी तुमचं नाव त्या माणसाला सांगितलं ते वाईट होतं. त्याची माफी मागते. पहिल्या पत्रात मागणार नाही म्हटलं होतं.

नवा तक्ता केला आहे. एकसष्ट नावं तशीच ठेवली, खाली आणखी एक ओळ आखली. तिथे तुमचं नाव आहे आणि पुढे रिकामं आहे. मागच्या वेळी तुम्हाला मी वक्त्यांमध्ये धरलंच नव्हतं.

मोआगी सकाळी निघतो आहे, ट्रकमध्ये पुढे जागा रिकामी ठेवायला सांगितलं आहे. टोपीतून पत्रं काढा आणि या. तुम्हाला काय बोलायचं ते सगळ्यांसमोर बोला, माझ्या विरोधात बोललात तरी चालेल. तुम्ही उठाल तेव्हा माझी मान खाली असेल, ती काही आता सुधारायची नाही. पण यंत्र चालू राहील.

केलेबोन्ये